उथळ पाण्याबद्दलचं माझं मत

उथळ समुद्र माणसाला सांभाळून घेतो, असं मी बरीच वर्षं मानत आले. वर्गात, पालकसभेत, गावातल्या चर्चांत ते ठासून सांगतही आले. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते का बदललं हे लिहायलाच हवं, असं मला वाटतं. रायगडच्या किनाऱ्यावर ज्या मुलांना मी भूगोल शिकवला, त्यांतली बरीचशी आज त्याच किनाऱ्यावर घरं बांधून राहताहेत, आणि त्यांच्या मनात माझं जुनंच वाक्य असणार: आपल्यापुढे समुद्रबूड जमिनीची ढाल आहे, आपल्याला फारसं भय नाही.

त्या मताला आधार होता, हे आधी सांगते. पश्चिम किनाऱ्याचा समुद्रतळ दाखवणारा नकाशा समोर धरा. मुंबईसमोर भूखंडमंच, म्हणजे हीच समुद्रबूड जमीन, सुमारे ३०० किलोमीटर पसरलेला आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. गोव्यापाशी निम्म्याहूनही कमी, केरळच्या टोकाकडे आणखी कमी. बॉम्बे हाय मुंबईपासून १६० किलोमीटर दूर आहे, पण तिथे पाणी जेमतेम ७५ मीटर. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या खोदकाम करणाऱ्या तरंगत्या फलाटाने तिथे तेल शोधलं. भर समुद्रात तळाशी पाय रोवून फलाट उभे राहिले, कारण तो समुद्र मुळात बुडालेली जमीनच आहे. मंचाची कड ओलांडली की खंडान्त उतार लागतो आणि पाणी हजारो मीटर खोल होतं.

आता लाटेचं पाहा. दोन शिखरांमधल्या अंतराच्या निम्म्याहून पाणी उथळ झालं, की लाटेला तळ जाणवू लागतो. दर आठ सेकंदांनी येणारी लाट साधारण १०० मीटर लांब असते. तिला पन्नास मीटरवर तळ लागतो. दूरच्या वादळातून निघालेली, पंधरा सेकंदांच्या अंतराने येणारी लाट ३५० मीटर लांब असते. तिला मंचाच्या कडेलाच, पावणेदोनशे मीटर खोलीवर तळ लागतो आणि पुढचा सगळा प्रवास ती तळाचं ऐकत करते. तिचा वेग कमी होतो, लांबी आखडते, ती वळत वळत किनाऱ्याला समांतर होते आणि पाण्याची खोली तिच्या उंचीपेक्षा थोडीच जास्त उरली की फुटते. जुलैमध्ये पुळणीवर उभं राहिलं की फेसाच्या एकामागे एक ओळी दिसतात. सर्वांत बाहेरची ओळ गर्जत असते आणि पायाशी येणारं पाणी वाळूवर पसरून मुकाट परत जातं. हे ज्यानं रोज पाहिलंय, त्याला उथळ पाणी आपलं रक्षण करतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाचा १९६३ सालचा प्रयोग मी मुलांना फार आवडीनं सांगायची. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात उठलेल्या वादळांच्या लाटा कुठवर जातात, हे पाहण्यासाठी त्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत ठिकठिकाणी मोजमापाची केंद्रं मांडली. त्या लाटा दहा हजार किलोमीटर पार करून अलास्काला पोचल्या, आणि वादळाचा पट्टा मागे पडल्यावर वाटेत त्यांची ताकद फारशी खर्ची पडलेली नव्हती. मी म्हणायची, अख्ख्या पॅसिफिकला जी लाट थकवता येत नाही, तिला किनाऱ्यालगतचं उथळ पाणी मोडून दाखवतं. जोडीला केरळच्या आलप्पुळाकडच्या चिखलपट्ट्यांचं उदाहरण असायचंच. भर पावसाळ्यात तिथे तळाचा चिखल पातळ होऊन लाटांची सारी शक्ती शोषून घेतो, आणि बाहेर समुद्र खवळलेला असताना होड्या त्या संथ पाण्यात मासेमारी करतात. यातलं काहीही खोटं नाही. आजही मी हे शिकवेन.

पण हे सगळं आखूड लाटांबद्दल आहे. समुद्रात दुसऱ्याही लाटा असतात, आणि त्या मी कधी लाटा म्हणून पाहिल्याच नव्हत्या.

पाठ्यपुस्तकात लाटा एका प्रकरणात आणि भरती-ओहोटी दुसऱ्या प्रकरणात असते. माझ्या डोक्यातही त्यांची तशीच फाळणी झाली होती. मग एकदा एका विद्यार्थिनीनं विचारलं, ‘बाई, चंद्र सगळ्यांना एकच, तर कोचीला भरती मीटरभर, मुरगावला दोन मीटर, मुंबईला पाच आणि भावनगरला दहा, असं का?’ भावनगरचं उत्तर पुस्तकात होतं: खंभातचं आखात आत निमुळतं होत जातं, पाणी दाटीवाटीनं वर चढतं. पण मुंबई काही आखातात नाही. मुंबईसमोर उघडा समुद्र आहे. मुरगावसमोरही तसाच उघडा समुद्र आहे. मग एकीकडे दोन आणि दुसरीकडे पाच का?

उत्तर शोधायला मला कागद-पेन्सिल पुरली. भरती ही लाटच आहे, फक्त तिची दोन शिखरं १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने येतात. इतक्या लांब लाटेचा वेग केवळ पाण्याच्या खोलीवर ठरतो. मंचावर सरासरी ७० मीटर पाणी धरलं, तर वेग सेकंदाला २६ मीटर, म्हणजे तासाला नव्वदहून थोडा जास्त किलोमीटर येतो. या वेगानं सव्वाबारा-साडेबारा तासांत लाट जेवढी पसरेल, ती तिची लांबी: सुमारे ११७० किलोमीटर. तिचा चौथा हिस्सा जवळजवळ २९० किलोमीटर. आणि मुंबईसमोरचा मंच ३०० किलोमीटर रुंद!

तो आकडा पाहून मी थबकले. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलका धक्का देत राहिलं, की तो दर खेपेला वर वर जातो. मंचाच्या रुंदीचं आणि भरतीच्या लयीचं असंच जुळलं आहे. खोल समुद्रातून मंचाच्या कडेशी येणारी भरती तशी लहानच असते. उथळ मंच तिला किनाऱ्यापाशी मोठी करून दाखवतो. गोव्यासमोर मंच अरुंद, म्हणून लय जुळत नाही. माझं गणित ढोबळ आहे, खरा तळ काही इतका सपाट नाही. पण भूखंडमंचाचा भरतीवर काय परिणाम होतो याचं गणित ॲलन क्लार्क आणि डेव्हिड बॅटिस्टी यांनी १९८१ सालीच रीतसर मांडलं होतं, आणि त्याचा गाभा हाच आहे. मंचाची रुंदी भरतीच्या लाटेच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याजवळ आली, की बारा तासांची भरती फुगते.

म्हणजे जो तळ आठ सेकंदांच्या लाटेला मोडतो, तोच बारा तासांच्या लाटेला उभी करतो. मी ज्याला ढाल म्हणत होते, ती एका जातीच्या लाटेपुरती ढाल होती.

एवढ्यानं मत बदललं, असं मात्र नाही. भरती मोठी असली तरी ती रोजची आहे, तिचं वेळापत्रक भारतीय सर्वेक्षण विभाग छापतो, मुंबईत तर १८७८ पासून पाण्याची पातळी मोजली जाते. तिला काय भ्यायचं? मी स्वतःची तशी समजूत घालत राहिले. खरा धक्का बसला तो वादळांबद्दल वाचताना.

वारा समुद्रावरून वाहतो तेव्हा पाणी पुढे ढकलतो. खोल समुद्रात वरून पुढे गेलेलं पाणी खालून परत फिरू शकतं. उथळ पाण्यात त्या परतीला वाव नसतो, म्हणून पाणी किनाऱ्याशी चढत जातं. वारा तोच ठेवून मंच दुप्पट रुंद केला, तर चढ साधारण दुप्पट होतो. खोली निम्मी केली, तरीही दुप्पट. दोन्हीचा अर्थ एकच. रुंद आणि उथळ मंच, ज्याचं मी इतकं कौतुक करत आले, तोच वादळाच्या पाण्याला सर्वांत सोयीचा.

उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात पाणी तीस-चाळीस मीटर असतं. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वायव्येच्या वादळानं त्या उथळ समुद्रात पाणी कोंबलं, तेव्हा पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस होते. नेदरलँड्समध्ये १८३६ आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर ३०७ माणसं गेली. त्या रात्रीची एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. वादळाचं पाणी एकदम सगळीकडे चढलं नाही. ते किनारा उजव्या हाताला ठेवून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यानं उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत गेलं. लिंकनशरला ते संध्याकाळीच शिरलं होतं. थेम्सच्या मुखाजवळच्या कॅन्व्ही बेटावर मध्यरात्रीनंतर पोचलं. मधे कित्येक तास होते. कॅन्व्हीची माणसं झोपेत सापडली, कारण वरच्या किनाऱ्यावर काय झालंय हे त्यांना कुणी कळवलंच नाही. लांब लाट मंचावर आली की पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात किनारा उजवीकडे धरून चालते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ती दक्षिणेकडून उत्तरेकडे चालेल. मंच तिला किनाऱ्याला बांधून ठेवतो आणि दूरवर नेतो. या लाटेला फेस नसतो, आवाज नसतो. पाणी नुसतं वर येतं.

आणि भोला. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात आलेलं चक्रीवादळ. किमान तीन लाख माणसं मेली. हे मी वर्षानुवर्षं शिकवलं आहे. सखल त्रिभुज प्रदेश, दाट वस्ती, गरिबी, न पोचलेले इशारे, अशी कारणं फळ्यावर लिहीत आले. ती सगळी खरी आहेत. पण बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाचा तळ किती उथळ आणि किती दूरवर उथळ आहे, हे मी एकदाही लिहिलं नाही, कारण उथळपणा हा माझ्या यादीत धोक्याच्या बाजूला नव्हताच. तीन लाख माणसांच्या मृत्यूचं एक मोठं कारण माझ्या फळ्यावर नव्हतं, हे जाणवल्यावर जुनं वाक्य उच्चारणं मला शक्य राहिलं नाही.

अरबी समुद्र म्हणजे बंगालचा उपसागर नव्हे, हे खरंच आहे. इथे वादळं कमी येतात आणि कोकणाकडे वळणारी तर फारच कमी. तरीही ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ आलं. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला ते किनारा ओलांडून आत शिरलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांचे पत्रे गेले, विजेचे खांब कित्येक दिवस पडून होते. पण समुद्र गावात शिरला नाही. पुष्कळजण म्हणाले, वाऱ्यानं मारलं पण दर्यानं सांभाळलं. माझ्या जुन्या मताला याहून मोठा पुरावा काय हवा होता!

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील तांडेल होते. मी हेच बोलले तेव्हा ते म्हणाले, ‘बाई, तिथी काय होती ते बघा आधी.’

किनाऱ्यावर सगळ्यांना येणारा हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. त्या दिवशी त्रयोदशी लागली होती. तेरा गुणिले पाऊण म्हणजे पावणेदहा. सकाळी पावणेदहा-दहाला पूर्ण भरती येऊन गेली होती, आणि दोन दिवसांवर वटपौर्णिमा असल्यानं ते उधाणाचंच पाणी होतं. वादळ जमिनीला लागलं तेव्हा ओहोटी निम्म्याहून अधिक झालेली होती. हवामान विभागानं मुंबई, ठाणे आणि रायगडसाठी नेहमीच्या भरतीवर एक ते दोन मीटर जादा पाण्याचा इशारा दिला होता. ते जादा पाणी ज्या वेळी यायचं, त्या वेळी खालचं पाणीच दोन-तीन मीटर उतरलेलं होतं. वादळ चार तास आधी आलं असतं तर? मंच तोच, तळ तोच, वारा तोच. तांडेलांनी पुढे काही बोलण्याची गरजच उरली नाही.

दुसऱ्या वर्षी १७ मे ला ‘तौक्ते’ मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातकडे गेलं. वैशाख शुद्ध पंचमी. पाच गुणिले पाऊण, पावणेचार. म्हणजे दुपारी वारा जोरात असताना भरती चढत होती, पण पंधरवड्याच्या हिशेबानं पाणी भांगाकडे, म्हणजे लहान भरतीकडे, झुकलं होतं. तेही थोडक्यात निभावलं, किनाऱ्यापुरतं. त्याच उथळ मंचावरच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगार गेले. उथळ समुद्र गरीब असतो असं म्हणायची हिंमत त्यानंतर मला झाली नाही, होणारही नाही.

या दोन प्रकारच्या लाटा एकमेकींपासून वेगळ्या नाहीत, ही गोष्ट कळायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. आखूड लाट फुटते ती पाणी उथळ आहे म्हणून. भरतीनं आणि वादळानं मिळून पाणी दोन मीटर वर उचललं, की तेवढीच खोली वाढली. मग जी लाट रोज दूर बाहेर फुटायची, ती न फुटता आत येते आणि थेट बंधाऱ्यावर, कुंपणावर, भिंतीवर फुटते. म्हणजे लांब लाट आखूड लाटेसाठी वाट मोकळी करून देते. फेसाच्या ज्या ओळींवर माझा इतका विश्वास होता, त्यांची जागा पाण्याची पातळी ठरवते.

म्हणूनच दर जूनमध्ये येणाऱ्या एका बातमीबद्दल मला कळकळीनं बोलावंसं वाटतं. ‘या पावसाळ्यात अमुक दिवस साडेचार मीटरपेक्षा उंच लाटा उसळणार’ असं छापून येतं, आणि लोक मरीन ड्राइव्हवर त्या बघायला जातात. तो आकडा उसळणाऱ्या लाटेचा नसतो. नीचतम ओहोटीच्या पातळीपासून मोजलेल्या भरतीच्या पाण्याची ती उंची असते. त्या दिवशी समुद्र आरशासारखा शांत असला तरी पाणी तेवढं चढणारच, आणि चढलं की नाल्यांची तोंडं बंद होणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दुपारची भरती त्याच वेळी आली. शहराचं पाणी समुद्रात जायला जागाच नव्हती. त्या आकड्याला लाट म्हणणं निरुपद्रवी वाटतं, पण त्यामुळे वाचणाऱ्याचं लक्ष चुकीच्या लाटेकडे जातं. बातमीदारांनी तिथे ‘भरतीच्या पाण्याची पातळी’ एवढंच लिहावं.

मंचाचं एक ऋण मात्र मानायला हवं. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि त्सुनामी मुंबईपर्यंत आली. इथेही माणसं वाहून गेल्याची नोंद आहे. खोल समुद्रात त्सुनामी तासाला सातशे किलोमीटरनं धावते. मंचावर चढल्यावर तिचा वेग शंभराच्या आत येतो. खोली चार हजार मीटरवरून सत्तरवर आली की उंची पावणेतीनपट व्हावी, असं साधं गणित सांगतं. पण ३०० किलोमीटरचा मंच ओलांडायला तिला तीन तास लागतात. हे तीन तास अरुंद मंच असलेल्या किनाऱ्यांना मिळत नाहीत. उथळ तळ वेळ देतो, हे मी आता म्हणते. तो लाट अडवतो, असं सरसकट म्हणत नाही.

गावागावांत धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते, तेव्हाही चर्चा लाटेच्या उंचीचीच असते. मी पूर्वी अशा मागण्यांवर विचार न करता सही करायची. आता आधी विचारते की बंधाऱ्याची उंची कोणत्या पाण्याला धरून काढली आहे: रोजच्या भरतीला, उधाणाला, की उधाणात आलेल्या वादळाला? ज्या प्रस्तावात याचं उत्तर नाही, तो प्रस्ताव अपुरा आहे.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या सर्वांनाच एक विनंती आहे. यंदाच्या सर्वांत मोठ्या उधाणाला, वारा पडलेला असताना, पाणी कुठवर येतं ते पाहा आणि तिथे पक्की खूण करा. त्या खुणेपासून तुमच्या घराचं जोतं किती उंच आहे ते मोजून भिंतीवर लिहून ठेवा. चक्रीवादळाचा इशारा येईल तेव्हा वाऱ्याच्या वेगाच्या आकड्यावर थांबू नका. ‘नेहमीच्या भरतीवर इतके मीटर’ हे शब्द त्यात शोधा, तिथी पाहा, पाऊणने गुणा. इशाऱ्यातला आकडा भिंतीवरच्या आकड्याच्या जवळ आला आणि भरतीची वेळ वादळाच्या वेळेशी जुळत असेल, तर समुद्र शांत दिसत असतानाच म्हाताऱ्यांना आणि मुलांना वरच्या आळीत हलवा.